कोपऱ्यातला माणूस

कबड्डीचा सामना पाहून परतणाऱ्या माणसाला "कोण खेळला रे चांगला?" असे विचारावे, तो हमखास चढाई करणाऱ्याचे नाव सांगतो. समोरच्या सात जणांत एकटा घुसून, दोघांना बाद करून परत येणारा गडी डोळ्यांत भरतो, यात नवल नाही. पण ज्याच्या भीतीने तो गडी मैदानाच्या एका अंगाला फिरकलाच नाही, त्याचे नाव कोणी घेत नाही. तो उभा असतो कोपऱ्यात, आणि कोपऱ्यातल्या माणसाकडे लक्ष न देण्याची आपली जुनी रीत आहे.

मी स्वतः खेळाडू नाही. लोणार तालुक्यातल्या आमच्या बीबी गावात मी आहे गुणलेखक. मैदानाच्या कडेला वही मांडीवर घेऊन बसायचे, चढाई झाली की खूण करायची, पकड झाली की खूण करायची, लोण पडला की दोन गुण जास्तीचे धरायचे, एवढेच माझे काम. पण सतत मांडलेला हिशेब माणसाला विचार करायला लावतो. कोपऱ्यातल्या गड्याचे मोल करायचे कसे, हा प्रश्न मला या वहीनेच घातला. त्याचे उत्तर मात्र मला बीबीत बसून पुण्याच्या संघाकडे पाहताना सापडू लागले.

आधी कोपरा म्हणजे काय ते सांगतो. पुरुषांच्या सामन्यात एका बाजूचे अंगण मध्यरेषेपासून अंतिम रेषेपर्यंत साडेसहा मीटर खोल असते. पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. म्हणजे बोनस रेषेच्या मागे पावणेदोन मीटरची पट्टी उरते. त्या पट्टीच्या डाव्या आणि उजव्या टोकाला जे दोघे वाकून उभे असतात, ते कोपरारक्षक. बचाव करणारे सहा किंवा सात असताना चढाईपटू बोनससाठी एक पाय रेषेपलीकडे टाकतो आणि दुसरा हवेत उचलतो. तो क्षण कोपऱ्याचा. घोटा हाती लागला तर गुण आपला, हात निसटला तर गुण त्याचा. मध्यरक्षक चुकला तर मागे कोपरा असतो. कोपरा चुकला तर मागे रेषा असते आणि रेषा कोणाला धरत नाही.

आता पुणेरी पलटणच्या त्या मोसमाकडे वळतो. ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात पुण्याने इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईला २ कोटी ३५ लाख रुपयांना घेतले. एका संघाला सगळ्या खेळाडूंवर मिळून खर्च करायला मुभा होती ५ कोटींची. निम्म्याला जरा कमी एवढी रक्कम एका डाव्या कोपऱ्यावर! आमच्या पारावर त्या दिवशी शेतमालाच्या भावापेक्षा या भावाची चर्चा जास्त झाली. अर्थात पुण्याने डोळे झाकून पैसे टाकलेले नव्हते. आदल्या मोसमात पाटण्याकडून खेळताना याच गड्याने एका सामन्यात १६ पकड-गुण मिळवले होते.

त्या मोसमात त्याने काय केले? ९९ पकड-गुण मिळवले, सामन्यामागे सरासरी चार. मोसमातला सर्वोत्तम बचावपटू तोच ठरला. पुण्याने साखळीतले २२ पैकी १७ सामने जिंकले आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिल्यांदा विजेतेपद मिळवले. इकडे हरभरा काढायला आला होता; दिवसभर वाकून कंबर मोडलेली पोरे रात्री एका मोबाइलभोवती डोकी जुळवून बसली होती.

वही इथेच मिटली असती तर मूल्यमापन सोपे होते. पण मला त्या ९९ गुणांपेक्षा एक निराळी गोष्ट दिसत होती. डाव्या कोपऱ्यावर शादलुई उभा आहे म्हटल्यावर समोरचा चढाईपटू मध्यरेषेवरच घुटमळायचा. कबड्डी म्हणत म्हणत तीस सेकंद काढायचे आणि हात हलवत परतायचे, असे कितीदा तरी व्हायचे. दोन चढाया अशा रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो' होते, आणि त्या तिसऱ्या चढाईत दुसराच कोणी तरी त्याला धरायचा. तक्त्यात नाव लागायचे त्या दुसऱ्याचे. उजव्या कोपऱ्यावरच्या गौरव खत्रीला, मध्ये उभ्या संकेत सावंत आणि अबिनेश नटराजनला धाडस करायला मोकळीक मिळत होती, ती या डाव्या टोकाच्या धाकाने. या धाकाला गुणतक्त्यात रकाना नाही.

एवढे झाल्यावर पुण्याने त्याला राखावे की नाही? पुण्याने राखले नाही. ऑगस्ट २०२४ च्या लिलावात तो २ कोटी ७ लाखांना गेला, आणि तोही त्याच हरियाणाकडे, ज्यांना त्याने पाच महिन्यांपूर्वी अंतिम सामन्यात रोखले होते! आमच्याकडे पाडव्याला सालदार ठरतो. वर्षभर घरच्यासारखा राबलेला गडी पाडव्याला शेजारच्या वाड्यावर जातो, यात दोघांनाही वावगे वाटत नाही. व्यवहार तो व्यवहार. पण जाणता शेतकरी सालदाराचा भाव ठरवताना त्याने किती पाट्या टाकल्या एवढेच पाहत नाही. मिरगाआधी बांध कोणी बुजवला आणि त्यामुळे किती माती वाहून गेली नाही, हेही तो मनात धरतो. वाहून न गेलेली माती मोजता येत नाही, पण शेत तिच्यावरच पिकते.

पुढच्या मोसमात पुणे आठव्या स्थानावर राहिले. न्यायाने सांगायचे तर कर्णधार अस्लम इनामदार गुडघ्याच्या दुखापतीमुळे मोसमाच्या मध्यातच बाहेर गेला होता. सगळे खापर रिकाम्या कोपऱ्यावर फोडता येणार नाही. पण २९ डिसेंबर २०२४ चा अंतिम सामना झाला पुण्याच्याच बालेवाडीत, आणि तिथे हरियाणाने पाटण्याला ३२-२३ असे हरवून करंडक उचलला. शादलुईचे त्या मोसमातले पकड-गुण ८२, म्हणजे पुण्याच्या वर्षापेक्षा १७ कमी. तरीही मोसमातला सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून निवड झाली ती त्याचीच. हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीच्या लाईटची वाट पाहत मळ्यात बसलेलो असताना मी हा सामना पाहिला. गुण उतरले आणि मोल चढले, हे गणित त्या रात्री माझ्या मनात पक्के बसले.

तरी एका माणसाला देव करू नये. २०२५ च्या लिलावात शादलुईला गुजरात जायंट्सने २ कोटी २३ लाखांना घेतले. त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली. पण गुजरातला पहिल्या आठांतही येता आले नाही. उलट त्याच्याशिवाय खेळलेले पुणे साखळीत पहिले आले. कोपरा कितीही पोलादी असला तरी त्याचा हात धरणारा मध्यरक्षक कच्चा निघाला की साखळी तुटते. धाक हा एकट्याच्या अंगात नसतो. शेजारी उभ्या असलेल्याच्या विश्वासावर तो उभा असतो. म्हणून पुण्याने पैसे वाचवून तरुण पोरांचा संघ बांधला, याला मी मूर्खपणा म्हणणार नाही. मात्र एक प्रश्न शिल्लक राहतोच.

तो प्रश्न फझल अत्राचलीचा. हाही इराणचा, हाही डावा कोपरा. २०२२ मध्ये तो पुण्याचा कर्णधार होता. त्याच्यासाठी पुण्याने १ कोटी ३८ लाख मोजले होते आणि संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला, तिथे जयपूरकडून २९-३३ असा हरला. फझलचे त्या मोसमातले पकड-गुण फार नव्हते. पुण्याने त्याला सोडले आणि शादलुईला आणले. पुढे प्रो कबड्डीत ५०० पकड-गुण गाठणारा पहिला खेळाडू म्हणून त्याचे नाव झाले, पण वय वाढले तसा भाव उतरला. आणि ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत अंतिम सामना कोणाचा? पुण्याचा दबंग दिल्लीशी. दिल्लीच्या कोपऱ्यात उभा होता तिशी ओलांडलेला फझल. सामना ३१-२८ असा दिल्लीने जिंकला आणि शेवटच्या घटकेला पुण्याचा चढाईपटू ज्याच्या हातात सापडला, तो फझलच. पुण्याने सोडलेल्या दोन कोपऱ्यांनी असे दोन वर्षांत दोन करंडक दुसऱ्यांच्या घरी नेले.

आता हे सगळे मी इतक्या पोटतिडकीने का सांगतो आहे? आमच्या गावच्या संघाचा डावा कोपरा माझा चुलतभाऊ आहे. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी वरच्या पातळीवर खेळल्याचे प्रमाणपत्र लागते. तिथवर जायचे तर आधी गावच्या संघातली जागा टिकली पाहिजे. दादाची वर्षे आता थोडी उरली आहेत. पोलीस भरतीची वयोमर्यादा कोणासाठी थांबत नाही. दिवाळीनंतर बाहेरगावच्या सामन्यांना कोणाला न्यायचे हे ठरवायला जाणती मंडळी जमली. गाडीचे भाडे वर्गणीतून, म्हणून माणसे मोजकीच न्यायची होती. त्यांनी माझी वही मागवली. वहीत दादाच्या नावावर पाच सामन्यांत सात पकडी. बाहेर बसणाऱ्या एका नव्या पोराच्या नावावर तीन सामन्यांतच नऊ.

एक म्हातारबाबा म्हणाले, "लेका, तुह्या वहीत त दादाचं नावच दिसत नाही."

दादा भिंतीला टेकून उभा होता. तो हळूच म्हणाला, "आबा, मी धरला नाही, कारण तो इकडं आलाच नाही."

कोणाला हे वाक्य सबबीसारखे वाटले. पण माझ्या वहीच्या मागच्या पानांवर मी गेले वर्षभर एक वेगळा हिशेब ठेवत आलो आहे: समोरच्याची चढाई आपल्या कोणत्या अंगाला गेली. तो हिशेब कोणी मागत नाही, पंचांच्या सहीलाही लागत नाही. मी ती पाने उघडून वाचली. शेवटच्या सामन्यात विरुद्ध संघाने केलेल्या अडतीस चढायांपैकी दादाच्या बाजूला वळल्या फक्त नऊ, आणि त्यांतल्या सहा रिकाम्या गेल्या. नवा पोरगा त्या जागी खेळला त्या तीन सामन्यांत निम्म्याहून जास्त चढाया त्याच्याच अंगावर आल्या होत्या. त्याने नऊ पकडी केल्या, ते खरेच कौतुकाचे. पण तशाच झडपा घालताना तो चौदा वेळा बादही झाला होता.

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग दोघांनाही न्यायचे ठरले. नव्या पोराने दादाच्या शेजारी मध्ये उभे राहायचे आणि त्याच्याकडून थांबायला शिकायचे. दादाला पुढे प्रमाणपत्र मिळेल की नाही, ते माझ्या वहीच्या हातात नाही. जिल्ह्याच्या निवडीला बसणारी मंडळी मागची पाने वाचत नाहीत.

मला पुण्याच्या व्यवस्थापकांना शिकवायचे नाही. त्यांच्यापाशी माझ्यापेक्षा चांगल्या वह्या असतील. पण कोपऱ्यातल्या माणसाला राखायचे की सोडायचे, हे ठरवताना त्याने किती जणांना धरले एवढे पाहून भागत नाही. त्याच्या अंगाला किती जण आलेच नाहीत, तो उभा असताना शेजारचा किती निर्धास्त खेळला, आणि तो गेल्यावर ती जागा किती मोठी वाटू लागली, हे तीन रकाने आखले पाहिजेत. माझ्या नव्या वहीत मी ते आखले आहेत. रेघा थोड्या वाकड्या आल्या आहेत. पण जागा भरपूर ठेवली आहे.