बसल्या जागेचा आंकडा

मनुष्य दुखण्यांतून बरा झाला, हें ओळखावें कशावरून? आमच्या घरांतून याचें एक जुनें माप चालत आलें आहे. ताप उतरावा, तोंडाला चव यावी, आणि मऊ भात जाऊन ताटांत पोळी यावी. पुष्कळ दुखण्यांस हें माप पुरतें. फुप्फुसांच्या दुखण्यास पुरत नाहीं, हें सन २०२० मध्यें आलेल्या कोविडच्या सांथीनें अनेक कुटुंबांस शिकविलें.

आमचें घर कुरकुंभास आहे. पुणें-सोलापूर रस्त्यावरील फिरंगाई देवीचें हें गांव आतां रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीमुळें अधिक ओळखलें जातें. आमचे धाकटे बंधु अशाच एका कारखान्यांत नोकरीस आहेत. सन २०२१ च्या मे महिन्यांत ते कोविडच्या न्यूमोनियांतून उठून घरीं आले. तीन आठवडे लोटले. ताप नाहीं, भूक चांगली, आणि बोटाला लावावयाचें यंत्र ९७ टक्के प्राणवायु दाखवी. "सत्त्याण्णव म्हणजे पहिला नंबर!" असें म्हणून काकूंनीं देवापुढें साखर ठेविली, आणि सोमवारीं कामावर रुजू व्हावयाचें ठरलें. आमची भावजय मात्र गप्प होती. माडीवर जातांना बंधु पांचव्या पायरीवर कांहीं तरी निमित्त काढून थांबतात, हें तिनें पाहिलें होतें. ती हलकेच म्हणाली, "हे गुण बसून मिळालेले आहेत, काकू. चालून किती मिळतात, तें एकदां पाहूं या."

घरीं असलेल्या रोग्यांसाठीं सहा मिनिटें चालण्याची परीक्षा राज्याच्या आरोग्यखात्यानें त्याच वर्षीं एप्रिलमध्यें सुचविली होती. त्याप्रमाणें बंधु अंगणांत सपाट जमिनीवर चालूं लागले; पुतण्या घड्याळ घेऊन बरोबर होता. चौथ्या मिनिटास आंकडा ८८ वर आला. चालणें तेथेंच थांबविलें, व दुसऱ्या दिवशीं त्यांस पुण्यास डॉक्टरांकडे नेलें.

असें कां व्हावें? विश्रांतीच्या वेळीं रक्ताची तांबडी पेशी फुप्फुसांतील सूक्ष्म वाहिनींतून सुमारें पाऊण सेकंदांत जाते. निरोगी फुप्फुसांत प्राणवायु भरून घेण्यास तिला पाव सेकंद पुरतो. दौंड जंक्शनवर गाडी पुष्कळ वेळ उभी राहिली, तर डब्याचें दार अरुंद असलें तरी सारे उतारू चढतात. तीच गाडी क्षणभर थांबून सुटली, तर कित्येक फलाटावरच राहतात. दुखण्यानें फुप्फुसांचा पडदा जाड झाला, म्हणजे दार अरुंद होतें. चालतांना रक्त वेगानें वाहूं लागलें, म्हणजे थांबा आखूड होतो.

हें आगाऊ ओळखतां येतें काय? पुष्कळ अंशीं येतें. पुण्यास बंधूंना अत्यल्प कार्बन मोनॉक्साइड मिसळलेली हवा आंत ओढून सुमारें दहा सेकंद श्वास धरावयास लाविलें, आणि त्या वायूचा किती भाग रक्तांत उतरला तें मोजलें. हें माप फार उणें आलें, तर बसल्या जागीं आंकडा चांगला असूनहि श्रमानें तो घसरेल अशी शंका धरावी. बंधूंचें उणेंच आलें. दोन महिन्यांची बिनपगारी रजा घ्यावी लागली. घरानें काटकसर केली. पुन्हां चालून आंकडा ९४ वर टिकला, तेव्हांच ते कामावर गेले.

यंत्रहि निर्दोष नाहीं. जपानच्या ताकुओ आओयागी यांनीं १९७४ सालीं मांडलेल्या युक्तीनें तें प्रकाशावरून अंदाज करितें. थंड बोटें व नखांचा रंग त्यास चकवितात, आणि सांवळ्या कातडीवर तें कधीं कधीं अधिक आंकडा दाखवितें. चालण्याची परीक्षा एकट्यानें करूं नये. दम्याच्या रोग्यांनीं ती टाळावी, साठीपुढील मंडळींनीं तीनच मिनिटें चालावें. आंकडा ९३ च्या खालीं गेला, तीन टक्क्यांहून अधिक उतरला, किंवा धाप अगर चक्कर आली, तर थांबून डॉक्टरांस गांठावें.

एकत्र कुटुंबांत बऱ्या होत असलेल्या मनुष्यास आपली धाप सांगण्याचा संकोच वाटतो. एवढी सेवा सर्वांनीं केली, आतां आणखी किती दिवस, असें त्यास होतें. म्हणून त्यानें न सांगतां त्याच्या चालण्याकडे ज्याचें लक्ष जाईल, असें एक तरी माणूस घरांत असावें, आणि त्याचें म्हणणें वडील मंडळींनीं ऐकून घ्यावें.