शेरभर दूध

मल्ल जिंकला कीं त्याची तसबीर आपण दिवाणखान्यांत लावतों. तो घडत असतांना मात्र त्याच्या खुराकाचा हिशोब मागतों. हें आम्ही परक्यांविषयीं लिहीत नाहीं.

आमचा धाकटा बंधु पहाटे चार वाजतां उठून तालमींत जाई. परत येई तो अंगभर तांबडी माती आणि सडकून भूक घेऊन. त्याचें जादा शेरभर दूध, त्याचे बदाम घरच्या जमाखर्चांत आम्हांस खुपूं लागले. "पदक यावयाचें तेव्हां येईल, तोंवर हा खर्च कोणीं सोसावयाचा?" असें एके रात्रीं पानावर बसल्या बसल्या आम्ही बोलून गेलों. तो निमूट जेवला. दुसऱ्या दिवशीं चार वाजले, पण तो उठला नाहीं. आई तेवढी दुधाचें भांडें घेऊन चुलीपाशीं बसून होती.

पुष्कळ वर्षांनीं खाशाबा जाधवांची हकीगत आमच्या वाचनांत आली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे हे मल्ल 1948 सालीं लंडनच्या ऑलिंपिकला गेले. मातींत घडलेल्या पायांना तेथील गादी नवखी. सहाव्या क्रमांकावर समाधान मानावें लागलें. पुढें चार वर्षें त्यांनीं अंग झिजविलें. पण हेलसिंकीस जाण्यास पैसा कोठून यावा? गांवकऱ्यांनीं वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले. 1952 च्या जुलैंत खाशाबांनीं कांस्यपदक जिंकलें. स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळांत मिळालेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. परतल्यावर कुस्त्या लढून त्यांनीं तें ऋणही फेडलें.

आम्ही वाचतां वाचतां थांबलों तें त्या गहाणखतापाशीं. घर गहाण टाकणाऱ्या त्या गृहस्थापाशीं पदकाची हमी कोठें होती? हमी घेऊन पैसा काढतो तो सावकार; आम्हीं घरांत तीच सावकारी केली होती. झोंप, तारुण्य, जिभेचे चोचले हें सारें मल्ल आपखुषीनें सोडतो; तें त्याचें व्रत. पण तो हरला तरी त्याचें ताट मांडून ठेवणारें घर पाठीशीं नसेल, तर तें व्रत अर्ध्यांतच मोडतें. आमचा बंधु विजेता झालाच असता असें आम्ही म्हणत नाहीं. तें कळण्याची वाटच आम्हीं बंद केली.

आज त्याची नात तालमींत जाते. गेल्या महिन्यापासून तिच्या दुधाचे पैसे आम्ही देऊं लागलों आहों. बंधूनें ते घेतले. पण आमच्याकडे पाहिलें नाहीं.