तासाला कोणीतरी येऊन बसावं

चांगल्या शिकवण्याला पुरस्कार देऊ नयेत, असं माझं पक्कं मत होतं. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या महाविद्यालयांत भूगोल शिकवण्यात माझी नोकरी गेली, आणि स्टाफरूममध्ये हा विषय निघाला की मी ते मत ठासून मांडत असे. आता मी ते सोडलं आहे. का सोडलं ते लिहायला हवं, कारण तसंच मानणारे आणि मन लावून शिकवणारे माझे बरेच सहकारी आजही या दोन तालुक्यांत आहेत.

ते मत पोकळ नव्हतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ १० फेब्रुवारीला, वर्धापनदिनी, उत्कृष्ट महाविद्यालय, उत्कृष्ट प्राचार्य, उत्कृष्ट शिक्षक असे पुरस्कार देतं. २०२३पासून राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारही उच्च शिक्षणातल्या शिक्षकांना मिळू लागला. पुरस्कार म्हटला की प्रस्ताव आला, प्रस्ताव म्हटला की फाइल आली, आणि फाइलीत छायाचित्रं, कात्रणं, प्रमाणपत्रं. वर्गात घडणारं सगळ्यात मोलाचं या फाइलीत मावत नाही. भीमाशंकरकडच्या एखाद्या वाडीतून एसटीने येणारी, वर्षभर गप्प बसलेली मुलगी एके दिवशी हात वर करून प्रश्न विचारते. त्याचा पुरावा काय जोडणार? पुरस्कार आले की शिक्षकाची नजर मुलांवरून फाइलीकडे वळेल, ही माझी भीती होती. ती भीती अजूनही आहे. मत बदललं ते दुसऱ्या कारणाने.

आमच्याकडे अर्थशास्त्राच्या एक मॅडम होत्या. मागणी आणि पुरवठा शिकवताना त्या मुलांना घरच्या टोमॅटोच्या विक्रीच्या पट्ट्या आणायला सांगत. नारायणगावचा टोमॅटो बाजार आमच्या वर्गातल्या कितीतरी घरांचं वर्ष ठरवतो. पट्टीवर क्रेटची संख्या आणि भाव असायचा. त्याखाली मुलांनी रोपं, मल्चिंग पेपर, तार-बांबू, सुतळी, औषधं, तोडणीची मजुरी, गाडीभाडं असा सगळा खर्च मांडायचा आणि हातात काय उरलं ते काढायचं. भिंतीवर एक लांब आलेख असे आणि तो आठवड्याआठवड्याला पुढे सरके. यंदाचा भाव बघून पुढच्या हंगामाची लागवड ठरते, सगळ्यांनी एकदम लावलं की भाव कोसळतो, हे पुस्तकात एका परिच्छेदात उरकलेलं असतं. इथे मुलं ते वडिलांच्या पट्टीवर वाचत होती. २०२३चा उन्हाळा आठवा. तेव्हा टोमॅटो कवडीमोलाने गेला, कित्येकांनी तो फेकून दिला, आणि जुलैत वीस किलोच्या क्रेटने दोन हजारांचा आकडा ओलांडला. त्या वर्षी आलेखाला वर कागद जोडावा लागला. ‘मग मॅडम, आता आम्ही लावायचं काय?’ असं एका मुलाने विचारलं आणि पुढचे दोन तास त्या एका प्रश्नावर गेले. किती मुलांकडे आदल्या हंगामाचा माल होता, किती जणांचा जुलैत हाती होता, भाव चढला तेव्हा बापाकडे विकायला काय उरलं होतं, हे सगळं त्या दोन तासांत निघालं. बी.ए.च्या वर्गात याहून चांगलं अर्थशास्त्र मी पाहिलेलं नाही.

मी त्यांचं तोंडभरून कौतुक करायचो. मुलं लक्षात ठेवतील, हाच खरा पुरस्कार, असंही म्हणायचो. मग त्या गेल्या. विभागाचं कपाट रिकामं करताना पट्ट्यांच्या झेरॉक्स आणि तो आलेख रद्दीत गेला, आणि पुढच्या वर्षी तोच धडा गाइडवरून शिकवला गेला. नव्या शिक्षकाला बोल लावता येत नाही. इथे असं काही चाललं होतं, हे सांगणारा एकही कागद त्याच्यासमोर नव्हता.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या विषयातली आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसं गेली. त्यानंतर उतार, माती आणि पाऊस हे प्रकरण पुस्तकातल्या आकृतीवरून शिकवणं मला जड जाऊ लागलं. ते कसं शिकवावं याचा मी एकट्याने विचार करत राहिलो. पुष्कळ वर्षांनी कळलं की आंबेगावातलाच एक तरुण शिक्षक त्या काळात डोंगराकडच्या गावांतल्या मुलांना आपापल्या घरामागच्या उताराचा नकाशा काढायला लावत होता. भेगा कुठे आहेत, पावसाळ्यात नवा झरा कुठे फुटतो, झाडी कुठे तुटली, खाचरांसाठी डोंगर कुठे कापला, हे मुलं घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून नकाशावर घालत. आम्हा दोघांत एसटीचं तासाभराचं अंतर होतं. त्याची पद्धत मला वेळेवर कळली असती तर माझ्या वर्गातल्या पश्चिम पट्ट्यातल्या मुलांनीही तसे नकाशे काढले असते. माझं मत खऱ्या अर्थाने इथे हललं. चांगलं शिकवणं गाजावाजा न करता चालावं हे मला शोभिवंत वाटत होतं. पण ते गाजावाज्याविना राहिलं की शेजारच्या तालुक्यातल्या मुलांपर्यंतही पोचत नाही. पुरस्काराकडे मी शिक्षकाच्या मानाचा प्रश्न म्हणून बघत होतो. तो पुढच्या वर्गातल्या मुलांचाही प्रश्न आहे.

आणखी एक समज गळून पडला. आपण अध्यापनाला तराजूत घालत नाही म्हणून ते निर्मळ राहतं, असं मला वाटे. प्रत्यक्षात तराजू कधीचा चालू आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ची नियमावली उघडून बघा. त्यात अध्यापनाची प्रत ठरते ती नेमून दिलेल्या तासांपैकी किती घेतले यावर: ८० टक्के किंवा त्याहून जास्त घेतले की ‘चांगलं’. तासात काय झालं, हा प्रश्नच नाही. संशोधनाच्या गुणांच्या तक्त्यात मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांतल्या एका शोधनिबंधाला १० गुण आहेत, आणि नावीन्यपूर्ण अध्यापनपद्धती विकसित करण्याला ५. म्हणजे टोमॅटोच्या पट्ट्यांचं ते सगळं काम अर्ध्या निबंधाएवढं, तेही कोणी नोंदवलं तर.

त्या निबंधांचं काय झालं, हेही आपल्याच विद्यापीठातून बाहेर आलं. डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये एक तपासणी प्रसिद्ध केली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून आयोगाच्या यादीत आलेल्या नियतकालिकांपैकी १००९ त्यांनी पारखली, आणि ८८ टक्क्यांहून अधिक साध्या साध्या निकषांतही बसली नाहीत. पैसे भरून छापलेल्या निबंधावर बढतीची पायरी चढता येते आणि मुलांना विचार करायला शिकवणाऱ्याची कुठे ओळही येत नाही, अशा व्यवस्थेत ‘शिकवण्याला बक्षीस नको’ म्हणणं म्हणजे दुसऱ्या कशाला तरी बक्षीस मिळू देणं. हे मला मान्य करावं लागलं. जानेवारी २०२५मध्ये आयोगाने चर्चेसाठी ठेवलेल्या मसुद्यात उल्लेखनीय कामाच्या नऊ प्रकारांत अध्यापनातलं नावीन्य आलं, ते मला बरं वाटलं. त्या मसुद्यातल्या इतर अनेक गोष्टींवर माझे आक्षेप आहेत, पण ही ओळ योग्य आहे.

पारख कशी करावी याचा नमुना आपल्या परिसरातच आहे. खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जी महादुर्बीण गोविंद स्वरूप यांनी उभी केली, तिथे विज्ञान दिनाला शाळा-महाविद्यालयांतली मुलं आपले प्रयोग मांडतात. संशोधक टेबलापाशी येऊन उभे राहतात आणि विचारतात: हे असं का होतं? इथे वेगळी तार वापरली तर? उत्तर देता देता पोराचा चेहरा उजळताना मी पाहिला आहे. जाणत्या माणसाने जवळ येऊन, वेळ देऊन, नेमका प्रश्न विचारणं हीच तिथली दाद असते. प्राध्यापकांच्या वाट्याला अशी दाद अख्ख्या नोकरीत येत नाही. आमच्या तासाला बाहेरचं कोणी येऊन बसतं ते मुलाखतीच्या वेळी, नाहीतर मूल्यांकनाला नॅकची समिती आली की.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. विद्यापीठाने प्रस्ताव मागवायच्या आधी माणसं पाठवावीत. जुन्नरच्या महाविद्यालयात मंचरचे दोन प्राध्यापक, मंचरला घोडेगावचे. त्यांनी एका सत्रात चार-सहा तास मागे बसावं, मुलांशी बोलावं, तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या मुलांनाही गाठावं. जे आढळेल ते मराठीत, दुसऱ्या शिक्षकाला सोमवारी वापरता येईल इतकं तपशिलाने लिहावं आणि विद्यापीठाने ते छापावं. शाल जरूर द्यावी. १६ नोव्हेंबर १८५२ला विश्रामबागवाड्यात जोतीराव फुल्यांचा सत्कार झाला तेव्हा शाल दिलीच होती. पण त्यांच्या शाळांना दक्षिणा फंडातून पैसेही मिळाले होते, ते विसरू नये. आजच्या शिक्षकाला आठवड्याचे दोन तास मोकळे हवेत, मुलांना नाणेघाटात किंवा बोरीला कुकडीच्या काठी नेण्यासाठी गाडीचा खर्च हवा, आणि बढतीच्या तक्त्यात पाचापेक्षा जास्त गुण हवेत.

यात एक गाठ आहे, आणि ती सोडवल्याशिवाय बाकीचं फुकट जाईल. आमच्या त्या मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. दरवर्षी नवी मुलाखत, नवा आदेश, सुट्टीचा पगार नाही. एका जूनमध्ये आदेश आला नाही म्हणून त्या गेल्या. आज ग्रामीण महाविद्यालयांतले कितीतरी वर्ग अशाच शिक्षकांच्या खांद्यावर आहेत, आणि नवं काही करून बघण्याची उमेद मला त्यांच्यातच जास्त दिसली. त्यांना बढती नाही, म्हणून बढतीचे गुणही त्यांच्या उपयोगाचे नाहीत. त्यांच्यासाठी बक्षीस एकच: चांगलं शिकवल्याची नोंद झाली असेल तर पुढच्या वर्षीची नेमणूक त्या नोंदीवर व्हावी, आणि कायम जागा निघाली की ती नोंद मुलाखतीच्या टेबलावर असावी. नियम लिहिणाऱ्यांनी सुरुवात इथून करावी.