झोजीलाचा बर्फ

मुलांनो, तुम्ही बर्फ पाहिला आहे का? रसवंतीच्या गाडीवर गोणपाटात गुंडाळलेली लादी तुम्ही पाहिली आहे. गोळेवाल्याने किसलेला बर्फही तुम्ही खाल्ला आहे. पण आकाशातून पडणारा बर्फ तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. गंमत अशी, की बर्फ हा शब्द मराठीत आणि उर्दूत फारसीतून आला आणि फारसीत त्याचा अर्थ आकाशातून पडणारा बर्फ असाच आहे. पाणी गोठून झालेल्या लादीला फारसीत यख म्हणतात. आपण मात्र एकाच शब्दावर दोन्ही कामे भागवतो.

मी पिरंगुटला राहते. पुण्याहून पौडकडे जाताना छोटा घाट ओलांडला, की आमचे गाव लागते. इथे थंडीत दव पडते. पावसाळ्यात मुळशीकडून येणारा पाऊस चार-चार दिवस थांबत नाही. बर्फ मात्र कधीच पडत नाही. अशा गावात राहून मी बर्फ तयार करायला निघाले, त्याची ही हकिकत आहे.

लहानपणी दिवाळीत मी शेजारच्या मुलांबरोबर मातीचा किल्ला करत असे. दगडविटांवर गोणपाट टाकायचे, त्यावर चिखलाचा लेप द्यायचा आणि अळीव पेरायचे. चार-पाच दिवसांत किल्ला हिरवागार होई. तेव्हापासून लहान आकाराच्या वस्तू करण्याची मला आवड लागली. पुढे बी.एड. करताना थर्माकोलची शैक्षणिक साधने मी इतकी केली, की घरातली माणसे कंटाळली.

शिक्षिका झाल्यावर आमच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी आठवीच्या मुलींबरोबर मी एक देखावा करायला घेतला. विषय होता झोजीलाची लढाई. श्रीनगरहून लेहकडे जाणारा रस्ता झोजीला या खिंडीतून जातो. ही खिंड सुमारे ११,५०० फूट उंचीवर आहे. १९४८ साली ती शत्रूच्या ताब्यात गेली आणि लेहचा रस्ता तुटला. पायदळाने केलेले हल्ले यशस्वी झाले नाहीत. तेव्हा जनरल थिमय्या यांनी तेथे रणगाडे न्यायचे ठरवले. वाटेतले पूल कच्चे होते, शिवाय शत्रूला सुगावा लागू द्यायचा नव्हता. म्हणून ७ लाइट कॅव्हलरीच्या स्टुअर्ट रणगाड्यांचे तोफेचे फिरते घुमट काढून ते वेगळे नेण्यात आले. लष्कराच्या अभियंत्यांनी बालताल येथून वर चढणारी वाट रुंद केली. १ नोव्हेंबर १९४८ रोजी हे रणगाडे बर्फातून खिंडीत शिरले. इतक्या उंचीवर रणगाडे येतील, असे शत्रूच्या स्वप्नातही नव्हते. त्याच महिन्यात द्रास आणि कारगिल परत मिळाले.

आम्ही १:३५ हे प्रमाण घेतले, म्हणजे खऱ्या वस्तूच्या पस्तिसाव्या भागाएवढी प्रतिकृती. स्टुअर्ट रणगाडा सुट्या प्लॅस्टिकच्या भागांतून जोडला. तो जेमतेम १४ सेंटिमीटर लांबीचा झाला. त्याच्याजवळ ५ सेंटिमीटर उंचीचे तीन सैनिक उभे केले. डोंगर प्लास्टर ऑफ पॅरिसचे केले. राहिला बर्फ.

एक मुलगी म्हणाली, “टीचर, मीठ टाकू या का?” मलाही ते पटले. फेविकॉलवर मीठ भुरभुरवले. देखावा असा चमकू लागला, की पाहणाऱ्यांनी वाहवा केली. बक्षीसही मिळाले. सुट्टी लागली आणि देखावा मी पिरंगुटला घरी आणला. जून उजाडला. मीठ हवेतले पाणी ओढून घेते, हे विज्ञानाच्या तासाला तुम्ही शिकला आहात. मी ते विसरले होते. पंधरा दिवसांत झोजीलाची खिंड पाझरू लागली आणि फळीचे खिळे गंजले.

मग मी खाण्याचा सोडा आणि फेविकॉल यांचे मिश्रण लावले. महिनाभर ते छान दिसले. पुढे हळूहळू त्यावर पिवळी झाक आली, जुन्या कागदासारखी. अशा अवस्थेत तो देखावा ओसरीवर ठेवलेला असताना आमच्या शेजारचे हवालदारकाका आले. काका सैन्यात गाडी चालवत असत. श्रीनगर ते लेह या वाटेवर त्यांनी पुष्कळ फेऱ्या केल्या होत्या. त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके नाहीत. यंत्रात गेली असतील, असे मी समजत होते.

काकांनी चष्मा लावला आणि वाकून पाहिले. मला वाटले, आता पिवळ्या रंगाविषयी बोलतील. त्यांनी विचारले, “बाई, हा रणगाडा चालू आहे का बंद?”

मला उत्तर देता येईना. तो प्लॅस्टिकचा आहे, एवढेच मला ठाऊक होते.

“बंद असेल, तर रात्रभरात सगळीकडे सारखा बर्फ बसेल. चालू असेल, तर इंजिनावर बर्फ टिकणार नाही. तिथं ओलं दिसलं पाहिजे. तुम्ही तर पिठीसाखर पेरल्यासारखा सगळीकडे पेरलाय.”

मग काका बोलत राहिले आणि मी वही आणून लिहून घेतले. बर्फ वाऱ्याबरोबर येतो, म्हणून दगडाच्या एका अंगाला ढीग साचतो आणि दुसरे अंग उघडे राहते. उभ्या कड्यावर तो ठरत नाही. रस्त्यावरचा बर्फ पांढरा नसतो. गाड्या गेल्या, की त्यात चिखल, तेल आणि धूर मिसळतो आणि तो तांदळाच्या धुवणासारखा गढूळ होतो. चाकाच्या खाचांत तो घट्ट ठासून बसतो.

शेवटी त्यांनी एका सैनिकाकडे बोट दाखवले. त्या चिमुकल्या सैनिकाने रणगाड्याच्या पोलादावर उघडा हात टेकला होता.

“याच्या हातात मोजे का नाहीत?”

मी म्हटले, “काका, एवढ्या लहान मूर्तीला मोजे कसे घालणार?”

काकांनी आपला उजवा हात देखाव्याशेजारी ठेवला. नोव्हेंबरातली पहाट होती, ते म्हणाले. गाडी बंद पडली. एक बारीक नट मोज्याने धरता येईना, म्हणून त्यांनी मोजा काढला. थंड लोखंडाला बोटे चिकटली. त्या वेळी फारसे दुखलेही नाही. दुखले ते नंतर, दवाखान्यात. मराठीत याला हिमदंश म्हणतात. एवढे सांगून त्यांनी हात खिशात घातला.

त्या रात्री मी सैनिकाचा हात पुन्हा पुन्हा पाहिला. प्रदर्शनात शेकडो लोकांनी तो पाहिला होता. मी स्वतः तो रंगवला होता, अगदी नखांपर्यंत. मला लाज वाटली.

शाळा उघडल्यावर मुलींना सगळे सांगितले आणि जुना बर्फ खरवडून काढला. या वेळी मीठ नाही, सोडा नाही. फरशी बसवणाऱ्या कारागिराकडून संगमरवराची पूड आणली आणि ती वस्त्रगाळ केली. तुम्हांला हे करायचे असेल, तर नाकाला रुमाल बांधा. पूड बारीकच हवी. आमचे मिठाचे खडे पाव ते अर्धा मिलिमीटर जाडीचे होते. पस्तीस पटीने मोठा करून पाहा. तो बर्फाचा कण राहत नाही, सुपारीएवढी गार होते. बर्फाची जाडीही मोजूनच घ्यावी लागते. एक फूट बर्फ दाखवायचा, तर थर जवळजवळ ९ मिलिमीटरचा हवा.

पूड, पांढरा रंग, फेविकॉल आणि थोडे पाणी एकत्र करून इडलीच्या पिठाएवढे दाट केले. जिथे बर्फ साचतो, तिथेच ते ब्रशने लावले. ओले असतानाच चहाच्या गाळणीतून कोरडी पूड वरून पाडली. वारा एका बाजूने दाखवायचा होता, म्हणून फळी थोडी कलती धरली. सावलीतल्या खळग्यांसाठी मिश्रणात कपड्यांच्या निळीचा एकच थेंब टाकला. पहिल्यांदा तीन थेंब पडले आणि डोंगर आकाशासारखा निळा झाला, तेव्हा तो भाग पुन्हा करावा लागला. रस्त्यावर तपकिरी रंगाचे पाणी सोडले. रणगाडा चालू आहे, असे आम्ही मत घेऊन ठरवले. त्यामुळे मागच्या बाजूला, इंजिनावर, बर्फ ठेवला नाही. तिथे काळपट ओल रंगवली आणि कडेला अर्धवट वितळलेली किनार केली.

मोजे एका मुलीने केले. त्याच मिश्रणाचा थेंब टाचणीच्या टोकावर घेऊन तिने बोटांवर लावला आणि वाळल्यावर खाकी रंग दिला. त्यासाठी तिने दोन मधल्या सुट्ट्या खर्च केल्या.

काकांना मी शाळेत बोलावले. ते इस्त्रीचा सदरा घालून आले. मुली त्यांच्याभोवती जमल्या. त्यांनी वाकून रस्ता पाहिला, इंजिन पाहिले आणि मोजे पाहिले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्या मुलीला म्हणाले, “बेटा, अजून एक जोडी कर. ओले झालेले मोजे आम्ही गाडीच्या गरम बोनेटवर वाळत घालायचो.”

दुसऱ्या दिवशी तिने इंजिनावरच्या काळ्या ओलीत दोन मोजे शेजारी शेजारी ठेवले. तांदळाच्या दाण्याएवढे आहेत ते. आमच्या शाळेत आलात, तर जिन्याखालच्या काचेच्या कपाटात पाहा. मात्र वाकून पाहावे लागेल.