मोतीची राखण

मावशी आषाढीला पंढरपुरास निघाली, तेव्हा आपले रत्नागिरीचे घर आणि मोती कुत्रा माझ्या स्वाधीन करून गेली. शहर मनसोक्त पाहावे, हा माझा बेत. पण मोती दाराशीच बसून राहिला. अन्नाला तोंड लावीना. तिसऱ्या दिवशी पावसाने उघडीप दिली, तशी मी त्याला घेऊन थिबा राजवाड्याकडे गेलो. ब्रह्मदेशाच्या या पदच्युत राजाला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीस आणून ठेवले. १९१० साली तो या वाड्यात राहावयास आला आणि १९१६ साली परक्या भूमीतच वारला. माझे लक्ष खालच्या भाट्याच्या खाडीकडे. मोतीचे मात्र आल्या वाटेकडे! घरी येताच मी मावशीचे जुने लुगडे त्याच्यापुढे अंथरले. बराच वेळ ते हुंगून त्याने हळूच दूधभाताला तोंड लावले. मांडवी बंदर पाहावयाचे राहिले ते राहिलेच.