शोभेच्या कुंडीतले विष

अळूच्या भाजीत चिंच का घालायची, हे कोणत्याही गृहिणीला शिकवावे लागत नाही. कच्चे अळू घशाला खाजते. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. पान चावले की ते जिभेत, घशात टोचतात. झाडाला पळता येत नाही. खाणाऱ्याला दूर ठेवण्याचे हे त्याचे साधन आहे.

आता आमच्या चिखलीतही घरोघरी बाटलीत मनीप्लँट आणि कुंडीत डिफेनबाकिया दिसतो. भगिनींनो, ही दोन्ही झाडे अळूच्याच कुळातली. तेच स्फटिक त्यांतही आहेत. गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या दीड वर्षाच्या बाळाने डिफेनबाकियाचे पान चावले. लगेच लाळ गळू लागली, ओठ सुजले, बाळ रडून लाल झाले. आजीने दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या घेतल्या. आईने मात्र तोंडातला तुकडा काढला, ओल्या फडक्याने तोंड पुसले, गार दूध पाजले आणि ते पान सोबत घेऊन दवाखाना गाठला. दुसऱ्या दिवशी सूज उतरली. पण सूज घशात वाढली तर श्वास अडतो, म्हणून वाट पाहणे बरे नव्हे.

याहून भयंकर आहे ती कुंपणावरची कण्हेर. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या पोरे खेळायला वेचतात. तिचे विष नुसते टोचत नाही. ते रक्तातून हृदयाकडे जाते, तिथल्या पेशींतला सोडियम-पोटॅशियमचा समतोल बिघडवते आणि ठोके चुकू लागतात. शिजवून वा वाळवून ते जात नाही. अशाच प्रकारचे द्रव्य फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीत असते. तिचा औषधी उपयोग विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ साली ग्रंथ लिहून जगापुढे मांडला. मोजून दिले तर औषध, न मोजता पोटात गेले तर मरण! म्हणून कण्हेर पोटात गेल्यास मिठाचे पाणी पाजून उलटी करवत बसू नये, तडक इस्पितळात न्यावे.

झाडे उपटून टाका, असे माझे म्हणणे नाही. घराला हिरवेपणा हवाच. फक्त कुंडी रांगत्या मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी, छाटणीनंतर हात धुवावेत आणि रोप आणतानाच त्याचे नाव विचारून कुंडीवर लिहावे. घाबरलेल्या आईला डॉक्टरांपुढे ते नाव आठवेलच असे नाही.