सहा तासांचे शहर

आमचा भाचा परदेशी प्रवासी जहाजाच्या स्वयंपाकघरात नोकरी करतो. मागच्या ईदला सुटीवर आला तेव्हा उत्तर युरोपच्या सफरीच्या गोष्टी निघाल्या. जहाज सकाळी बंदराला लागते, प्रवासी बसमधून शहर पाहून येतात आणि संध्याकाळी जहाज पुढे निघते. कोपनहेगन असो की स्टॉकहोम, प्रत्येक शहर सहा-सात तासांचे. त्याला स्वतःला एकदाच अर्ध्या दिवसाची मोकळीक मिळाली. तेवढ्यात त्याने स्टॉकहोमला ‘वासा’ नावाचे लाकडी जहाज पाहिले. स्वीडनच्या राजाने बांधलेले हे युद्धनौकेचे जहाज 1628 साली पहिल्याच सफरीत बंदरातच बुडाले. 1961 साली ते वर काढून संग्रहालयात ठेवले.

अम्मींनी विचारले, “बुडालेलं जहाज बघायला लोक पैसे देतात?”

“हो नानी, रांगा लावतात.”

आमचे तेलगाव म्हणजे थांब्याचे गाव. बीड, परळी, माजलगाव, धारूर, चारही बाजूंचे रस्ते इथे मिळतात. माणसे उतरतात, चहा पितात, दुसरी गाडी धरतात. हंगामात उसाच्या गाड्यांची रांग लागते. त्यामुळे शहर पाहायचे म्हणजे आम्हालाही एका दिवसात जाऊन यायचे असते. हिवाळ्यात मोहल्ल्यातल्या तीन कुटुंबांनी मिळून गाडी ठरवली आणि औरंगाबादला निघालो. ड्रायव्हरने यादीच सांगितली: दौलताबाद, वेरूळ, खुलताबाद, मकबरा, पाणचक्की, मग बाजार. प्रत्येक ठिकाणी पाऊण तास. म्हणजे भाच्याच्या जहाजासारखेच झाले.

अम्मींचे गुडघे दुखतात, त्यांना किल्ला चढवणार नव्हता. शिवाय नववीतली आमची थोरली लेक आठवडाभर गप्प होती. खोदून विचारले तेव्हा कळले, वर्गातल्या एका मुलीने तिला म्हटले होते, “तुमचे लोक तर बाहेरून आलेले.” आम्ही दोघेही शिक्षक. असे वाक्य मुलांच्या तोंडी मोठ्यांकडून येते, हे आम्हाला माहीत आहे. पण आपल्या लेकीला ते लागले की शिक्षकपण कामाला येत नाही. म्हणून आम्ही बाकीच्यांना दौलताबादला जाऊ दिले आणि स्वतः दोनच ठिकाणे ठरवली, खुलताबाद आणि पाणचक्की.

खुलताबादला मलिक अंबरच्या मकबऱ्यापाशी गर्दी नव्हती. शेजारी त्याची बीबी करीमा हिचा मकबरा आहे. तिथे बसून लेकीला सांगितले. हा मुलगा इथिओपियात जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात बाजार पाहत दख्खनला पोहोचला आणि शेवटी अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. 1610 साली त्याने खडकी वसवली, तेच पुढे औरंगाबाद झाले. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. 1626 मध्ये तो वारला, म्हणजे ‘वासा’ बुडण्याच्या दोन वर्षे आधी.

लेक सरळ म्हणाली, “मग तो बाहेरचाच ना, अब्बू?”

आम्हाला लगेच उत्तर सुचले नाही. उत्तर अम्मींनी दिले. “बेटा, मीही या घरात बाहेरूनच आले. डोक्यावर घागर घेऊन पाणी भरलं, तुझ्या अब्बूला वाढवलं. आता मला कुणी पाहुणी म्हणतं का?”

दुपारी पाणचक्कीला आलो. जुहरची नमाज झाली आणि हौदाच्या काठी बसलो. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून इथवर आणलेले आहे. ते उंचावरून पडते, त्या जोरावर खालचे चाक फिरते आणि वर जाते फिरते. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी इथे धान्य दळले जाई. पाणचक्की नंतरची, पण शहराला असे नळांनी पाणी पुरवण्याची सुरुवात मलिक अंबरच्या नहरीने झाली. ते पाणी सगळ्या वस्तीने प्यायले. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आमच्या जिल्ह्यातल्या मुलीला याची किंमत वेगळी समजावून सांगावी लागली नाही. तिने वही काढली आणि नळापासून चाकापर्यंत पाण्याची वाट काढून घेतली.

परतताना गाडीत आम्ही तिला आणखी एक गोष्ट सांगितली. मलिक अंबर दुरून आला होता. आपण तर कुठूनच आलेलो नाही. तिचे पणजोबा तेलगावच्या शिवारात दुसऱ्यांची औते हाकत होते आणि गावच्याच कब्रस्तानात आहेत. पण कुणी दुरून आलेला असला, तरी त्याचा हिशेब त्याने इथे काय केले यावरच व्हायला हवा.

शाळा उघडल्यावर तिने ते चित्र वर्गात दाखवले. त्या मुलीने विचारले, चाक अजून फिरते का? दोघी मधल्या सुटीभर त्यावर बोलत होत्या, एवढेच तिने घरी सांगितले. आम्हीही जास्त विचारले नाही.

आता उन्हाळ्यात बीडची खजाना बावडी पाहायचे ठरले आहे. निजामशाहीत सलाबत खानाने ती बांधून घेतली आणि भास्कर नावाच्या कारागिराने ती उभी केली. तिच्या भुयारांतून शेतांना पाणी जात असे. या वेळी गाडी ठरवायची गरज नाही, एसटीने जाऊ. ती मुलगीही येणार आहे, तिच्या आईने होकार कळवला आहे.